चार आणे रंगाचे, बारा आणे हातांचे



आज आपण गाडीच्या रंगाबद्दल बोलणार आहोत. विषय बायकांचा नाही असे कुणाला वाटेल. पण आता कितीतरी बचत गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाची जुनी व्हॅन पापड-मसाले बाजारात पोचवते, कुणाचा छोटा टेम्पो भाजी घेऊन पहाटे मार्केटला जातो, कुणाची गाडी डबे पोचवते. ही गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातून आलेली असते. टप उन्हाने पांढरा पडलेला, दाराला ओरखडे, चाकाच्या वरच्या कडेला गंजाचे फुगे. मग गटाच्या बैठकीत विषय निघतो, गाडी रंगवून घ्यायची का?

तेवढ्यात कुणीतरी शहरातली पाटी वाचून येते, “संपूर्ण गाडी रंगवून मिळेल, अमुक रुपयांपासून.” एकाच नावाची, गावोगावी शाखा असलेली ही साखळी दुकाने. आत चकाचक, टेबलावर छापील भावपत्रक. इकडे गावच्या नाक्यावरचा पेंटर म्हणतो, त्यापेक्षा मी चांगले करून देतो. कुणाचे ऐकायचे?

प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. पैसा गटाचा आहे, दर महिन्याच्या बचतीतून साठलेला. काम नीट झाले तर गाडीचा पत्रा वाचतो. वरवर झाले तर दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात, खालचा गंज तोवर वाढलेला असतो आणि पैसे दोनदा जातात. म्हणून स्वस्त रंगकाम कशाने स्वस्त होते, ते आज नीट समजून घेऊ.

रंग म्हणजे पत्र्याचे पांघरूण

गाडीचा पत्रा पातळ असतो, साधारण पाऊण मिलिमीटर. तो लोखंडाचा आहे. पाणी आणि हवा लागली की गंजणार. त्याला वाचवतो तो रंग.

कारखान्यात गाडीला एकच रंग देत नाहीत. आधी पत्रा धुऊन गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि बहुतेक गाड्यांना शेवटी काचेसारखा पारदर्शक थर देतात. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याची असते आणि उन्हाचा मारही तोच आधी झेलतो. हे सगळे थर मिळून जाडी भरते 0.1 ते 0.15 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दीड पानाएवढी. एवढ्याशा पांघरुणावर आपली गाडी वर्षानुवर्षे ऊन-पावसात उभी असते.

कल्हईवाल्याला आठवा

दारावर कल्हईवाला यायचा ते आपल्यातल्या मोठ्या बायांना आठवत असेल. तो आल्याबरोबर कथील लावायला घेत नसे. आधी भांडे वाळू-राखेने घासायचा, भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकून पुसायचा, आणि मग कथलाचा एवढासा तुकडा भांड्यात फिरवायचा. कथील थोडेसेच, मेहनत सगळी आधीची. भांडे नीट न घासता कल्हई केली तर ती धरत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

गाडीचेही तसेच आहे. जुना रंग घासायचा, गंज पार पत्र्यापर्यंत काढायचा, पोचे ठोकून सरळ करायचे, उरलेल्या खोलगट जागी पुट्टी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची, प्रायमर मारायचा, पुन्हा घासायचा. मग काचा, रबर, दिवे कागद-टेप लावून झाकायचे. एवढे झाल्यावर प्रत्यक्ष रंगाचा फवारा चालतो तो थोडाच वेळ.

याचा एक पुरावा तुमच्या घरातच आहे. गाडीच्या विम्याची पॉलिसी काढून बघा. अपघातानंतर रंगकामाचे एकत्र बिल आले तर त्यातला 25 टक्के भाग सामानाचा धरायचा, असा नियम त्यात दिलेला असतो. उरलेली 75 टक्के मजुरी. म्हणजे रुपयातले चार आणे रंगाचे आणि बारा आणे हातांचे.

आता सांगा, कुणी रंगकाम अर्ध्या किमतीत करून देतो म्हणाला तर तो कशात काटणार? रंग फुकट दिला तरी चारच आणे वाचतात. म्हणजे कात्री लागते ती हातांच्या कामाला, आणि ते काम रंगाखाली झाकले जाते. गाडी ताब्यात घेताना दोन्ही गाड्या सारख्याच चमकतात. फरक कळतो तो पुढच्या पावसाळ्यात.

साखळी दुकानाला स्वस्त कसे परवडते?

ही कल्पना अमेरिकेतली. लॉस एंजेलिसमध्ये 1937 साली अर्ल शाइब यांनी रंगकामाचे दुकान काढले आणि पुढे कोणतीही गाडी एका ठरावीक भावात रंगवून देण्याच्या जाहिरातींवर देशभर शाखा उघडल्या. 1972 मध्ये ‘माको’ ही साखळी सुरू झाली. तिथे साधे, मध्यम आणि उंची अशी पॅकेज असतात, आणि पोचे-गंजाचे काम पॅकेजच्या बाहेर धरतात. आपल्याकडच्या शहरांतही आता अशा ठरावीक भावाच्या पॅकेजची पद्धत दिसते.

यात काही बचत खरी आहे. रंग आणि कागद घाऊक घेतला की स्वस्त पडतो. रोज तेच काम केल्याने हात बसतो. बंद खोलीत, म्हणजे पेंट बूथमध्ये, गाळलेल्या हवेत फवारा मारल्याने धूळ आणि माश्या चिकटत नाहीत. तिथेच साधारण 60 अंश उष्णता देऊन रंग लवकर वाळवतात. नाक्यावरच्या उघड्या शेडमध्ये ही सोय नसते.

पण काही बचत वगळण्यातून येते. पाटीवरच्या भावात बहुतेक वेळा लहान गाडी, तोच रंग, फक्त बाहेरची बाजू आणि पत्रा आधीच सरळ असल्याचे धरलेले असते. पोचा वेगळा, गंज वेगळा, दाराच्या आतली चौकट वेगळी, बंपर वेगळा. म्हणून पाटीवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आकड्याच्या मागे लपलेला असतो. तो शब्द आहे “पासून”.

यात फसवणूकच असते असे नाही. ज्याची गाडी सरळ आहे, नुसती फिकी पडली आहे, त्याला तो भाव खरोखर लागू पडतो. आपली जुनी, काम करणारी गाडी त्यात बसते का, एवढेच बघायचे.

आधी ठरवा, रंगाची गरज आहे का?

भाव विचारायच्या आधी गाडी स्वच्छ धुवा आणि सकाळच्या उजेडात फिरून बघा. वही-पेन हातात ठेवा.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या थरात आहे. तो पॉलिशने जातो.

टप किंवा बॉनेट पांढरट, खडूसारखे झाले असेल तर ओल्या फडक्याला थोडे रबिंग कंपाउंड लावून एका कोपऱ्यात चोळा. फडक्याला गाडीचाच रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, साधा रंग आहे. असा रंग बऱ्याचदा चोळल्यावर पुन्हा उजळतो. जुन्या पांढऱ्या व्हॅनला हे उपयोगी पडते. एकाच जागी फार चोळू नका, थर दीड पानाचाच आहे हे लक्षात ठेवा.

क्लिअर कोटचेच पापुद्रे निघत असतील तर पॉलिशचा उपयोग नाही. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो.

कुठे रंगाला फुगा आला असेल तर तिथे खाली गंज आहे असे धरून चाला. हे काम थांबवू नका. बाकी रंग राहिला तरी चालेल, गंज राहू देऊ नका.

आणि सगळी गाडी रंगवायलाच हवी असेही नाही. एक दार, एक मडगार्ड, टप असा भाग-भाग रंगवता येतो. गाडी साध्या पांढऱ्या रंगाची असेल तर नवा भाग जुन्याशी जुळायला सोपा जातो. चमकीचा, म्हणजे मेटॅलिक, रंग जुळवणे अवघड, कारण फवारा कसा मारला यावरही छटा बदलते. तुमच्या रंगाचा कंपनीचा कोड गाडीवरच्या पट्टीवर मिळतो. ही पट्टी इंजिनाच्या खणात किंवा दाराच्या चौकटीत असते. तो वहीत लिहून ठेवा आणि रंग त्या कोडवरून मिसळून मागा. तरीही उन्हाने जुना रंग बदललेला असतो, म्हणून आधी एका तुकड्यावर फवारून शेजारी धरून बघायला सांगा.

कोणता रंग मारणार?

गॅरेजमध्ये तीन नावे कानावर येतील.

सिंथेटिक इनॅमल सगळ्यात स्वस्त. टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉलीला मारतात. वाळायला वेळ लागतो आणि उन्हात चमक लवकर जाते.

एनसी लवकर वाळतो, पण पॉलिश केल्याशिवाय चमकत नाही आणि वर्षागणिक फिका पडतो. पावसाळी हवेत मारला तर पांढरट झाक येते.

पीयू, ज्याला टूके असेही म्हणतात, त्यात हार्डनर मिसळतात. तो महाग, पण ऊन-पाण्याला, डिझेलच्या थेंबांना चांगला टिकतो.

आधी कोणता रंग मारलेला आहे हेही पेंटरने बघायला हवे. सिंथेटिकवर एनसी मारला तर त्याचे जहाल थिनर खालचा रंग उचलते आणि सुरकुत्या पडतात. म्हणून जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला विचारून ठेवा.

आपल्या हातांनी वाचतील ते पैसे

बारा आणे हातांचे आहेत, तर त्यातले काही हात आपले असू शकतात. पेंटरशी आधी बोलून घ्या, “हे आम्ही करून आणतो, भावात किती कमी कराल?”

गाडी पूर्ण रिकामी करणे, आतली चटई-सीट काढणे, चिखल आणि तेलकटपणा धुऊन काढणे, जुने स्टिकर उचलणे, मडफ्लॅप, वायपर, नावाची अक्षरे, पाठीमागचे दिवे असे सहज निघणारे भाग काढणे ही कामे गटातल्या बायका आणि गाडीचा ड्रायव्हर मिळून एका दिवसात करू शकतात. भाग काढून रंगवले की रबराखाली, दिव्याखाली रंग नीट पोचतो. भोवती टेप लावून मारला तर कडेला रेघ राहते आणि पोपडा पहिल्यांदा तिथूनच उचलतो. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी घालून ठेवा, आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

रंगाच्या आधी गाडीला चमकवायचे तेल किंवा सिलिकॉनचे पॉलिश लावू नका. त्यावर नवा रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हार्डनरवाल्या रंगाचा फवारा अंगणात, गोठ्याशेजारी कुणी मारू देऊ नका. त्यात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. ते श्वासात गेले तर दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. तोंडाला बांधलेला पदर किंवा रुमाल ते अडवत नाही. लहान मुले, गरोदर बाई, आधीच दमा असलेले माणूस त्या जागेजवळ नकोच. थिनर भडकन पेटते, म्हणून चूल, गॅस, विडी-सिगारेट लांब ठेवा. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, कागद पाण्यात भिजवून घासावा, आणि ते पाणी हौदात किंवा जनावरांच्या वाटेवर जाऊ देऊ नये.

गॅरेजमध्ये गेलात तर एवढे बघा, फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर नीट मुखवटा आहे का? कागद घासणारा मुलगा केवढा आहे? चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे गुन्हा आहे. बारा आण्यांतली बचत कुणाच्या छातीतून होत असेल तर ती आपल्या गटाला नको.

विसार देण्याआधी विचारायचे प्रश्न

दुकान साखळीचे असो की नाक्यावरचे, प्रश्न तेच. उत्तरे कागदावर घ्या.

1. कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, किती हात मारणार? क्लिअर कोट धरला आहे का?
2. जुना रंग किती घासणार? गंज पत्र्यापर्यंत काढणार की वरून पुट्टी?
3. पोचे, पुट्टी, वेल्डिंग यांचे पैसे यात आहेत की वेगळे? वेगळे असतील तर आत्ताच मोजून आकडा सांगा.
4. दाराची आतली चौकट, बंपर, आरसे, डिकीची कड यात आहेत का?
5. किती दिवस गाडी राहील?
6. रंग उचलला, फुगा आला तर किती महिन्यांपर्यंत फुकट करून देणार? ते पावतीवर लिहिणार का?

दुसरा प्रश्न विसरू नका. पत्र्याला भोक पडले असेल तर तेथे पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करूनच बसवावा लागतो. भोकावर पुट्टी थापली तर ती मागच्या बाजूने ओल शोषते आणि काही महिन्यांत ढेकळासारखी सुटते.

आता एक हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्याकडचे भाव वेगळे असतील. समजा पाटीवर 15,000 रुपयांपासून लिहिले आहे. गाडीला चार पोचे, प्रत्येकी 800 प्रमाणे 3,200. दाराच्या आतल्या चौकटी 2,000. झाले 20,200. त्यावर 18 टक्के जीएसटी 3,636. एकूण 23,836. शिवाय शहरात दोन फेऱ्यांचे डिझेल. नाक्यावरचा पेंटर पोचे-पुट्टीसह 20,000 म्हणत असेल, तर पाटीवर महाग दिसणारा तो प्रत्यक्षात स्वस्त आहे. उलट, त्याने क्लिअर कोट धरलाच नसेल आणि गाडी तीन आठवडे अडकवून ठेवणार असेल, तर त्या दिवसांची बुडालेली कमाईही त्याच्या भावात मिळवा. मग कदाचित साखळीवाला परवडेल. तुलना नेहमी शेवटच्या ओळीची करायची, पहिल्या ओळीची नाही.

जीएसटीची नोंदणी नसलेला गॅरेजवाला जीएसटी लावू शकत नाही. पण सही-तारखेची पावती तो देऊ शकतो. ती घ्याच. गटाचा पैसा आहे, दप्तरात कागद हवा.

कागदपत्रांचे काय?

गाडीच्या आरसीवर रंगाची नोंद असते. आहे तोच रंग मारला तर काही करावे लागत नाही. दुसरा रंग हवा असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद बदलून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही विचारा. शिवाय रंग बदलायचा म्हणजे दाराच्या आत, बॉनेटखाली सगळीकडे रंगवावे लागते, त्यामुळे खर्च वाढतो. काटकसर करायची तर रंग तोच ठेवा. आणि लष्कराचा तो गडद हिरवा, ऑलिव्ह ग्रीन, रंग खासगी गाडीला मारायला नियमानेच बंदी आहे.

नवी सरकारी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, एकदाच बसणाऱ्या कुलपाने लावलेली असते. काढली की ते कुलूप तुटते. म्हणून ती काढू नका, कागद-टेप लावून झाका असे पेंटरला बजावा.

मालवाहू टेम्पो असेल तर चमकणाऱ्या पट्ट्या रंगानंतर पुन्हा लावून घ्या. पासिंगला त्या बघतात, आणि रात्री मागून येणाऱ्याला गाडी दिसते ती त्यांच्यामुळे. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असते. रंगकाम त्याच्या तोंडावर घाईत करू नका. दसरा-दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा काम लावा.

विमा फिक्या रंगाचे किंवा गंजाचे पैसे देत नाही. अपघाताने पत्रा चेपला असेल आणि विमा संपूर्ण स्वरूपाचा असेल तर दावा करता येतो. त्यातही साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानाची निम्मी किंमत कापतात. म्हणजे 20,000 च्या बिलात सामान 5,000 धरले, तर 2,500 आपल्या पदरचे, आणि पॉलिसीत ठरलेली सक्तीची रक्कम वेगळी. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीची नो क्लेम बोनसची सवलत जाते. पहिल्या वर्षाची ही सवलत 20 टक्के असते आणि दावा न करता वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. लहान ओरखड्यासाठी दावा करण्याआधी हा हिशेब मांडा.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात गाडी घेऊ नका. सकाळी जा, शक्यतो दोघीजणी जा.

पत्र्याच्या रेषेत डोळा ठेवून तिरके बघा. लाटा दिसल्या तर पुट्टी नीट घासलेली नाही. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे, ओघळ, आत अडकलेली धूळ बघा. रबर, काच, दिवे यांवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा. दार उघडून कडेची टेपची रेघ बोटाने चाचपा. नवा भाग आणि जुना भाग चार पावले मागे येऊन सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे बघा.

फ्रिजवर लावतात ते चपटे लोहचुंबक बरोबर न्या. मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर हलकेच लावा. इतर ठिकाणी धरते आणि एखाद्या जागी सुटून पडते, तर तिथे पुट्टीचा जाड थर आहे. प्लास्टिकच्या बंपरला ते धरणारच नाही, त्यामुळे तिथे घाबरू नका. जुनी गाडी विकत घेतानाही हीच युक्ती करा. नव्या कोऱ्या रंगाखाली काय झाकले आहे ते चुंबक लगेच सांगते.

काही दिसले तर तिथेच दाखवा, फोटो काढा, आणि दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता हाती ठेवा. विसार देतानाच हे ठरलेले असावे.

पहिला महिना जपायचा

रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. पहिले काही दिवस गाडी धुऊ नका, प्लास्टिकने झाकू नका. साधारण महिनाभर वॅक्स-पॉलिश नको. गटाचे नाव लिहायचे किंवा चिकटवायचे असेल तर तेही तोवर थांबवा. पुढे धुताना कपड्यांची पावडर वापरू नका, गाडीचा शाम्पू किंवा नुसते पाणी आणि मऊ फडके पुरते. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगाला खातो, दिसला की लगेच ओल्या फडक्याने भिजवून पुसा. माल चढवताना क्रेटच्या कडा दाराला घासतात, तिथे जुन्या ट्यूबची पट्टी लावून घ्या.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर निर्णय पाटी बघून घेऊ नका. आधी गाडी धुऊन यादी करा. पॉलिशने भागेल ते पॉलिशवर सोडा, गंज आहे तिथे पैसे घाला, आणि दोन ठिकाणांहून लेखी भाव आणून इतिवृत्ताच्या वहीला जोडा. पैसे कमी असतील तर यंदा फक्त गंज काढून तेवढाच भाग रंगवा, टप पुढच्या वर्षी करा. फिका टप दिसायला वाईट असला तरी गाडी त्याने बंद पडत नाही. चाकाजवळच्या गंजाला मात्र पुढचा पावसाळा दाखवू नका.